घरी फोरके सिनेमा : खर्च किती, जमेल का? नाशिककरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

टीव्ही भिंतीवर बसवून देणं आणि घरातलं नेट नीट जोडून देणं हे माझं रोजचं काम. सिडको, इंदिरानगर, गंगापूर रोड, नाशिकरोड, म्हसरूळ, कुठेही गेलो तरी चहा येईपर्यंत तेच चार-पाच प्रश्न निघतात. बहुतेक घरांत गरज नसलेल्या गोष्टीवर पैसे गेलेले असतात आणि दोनशे-तीनशे रुपयांत सुटणारी अडचण तशीच पडलेली असते. म्हणून सगळी उत्तरं इथे लिहून ठेवली आहेत. दर हे लिहिताना जे होते ते दिले आहेत. रिचार्ज मारण्याआधी अ‍ॅपमध्ये एकदा खात्री करून घ्या.

फोरके म्हणजे नेमकं काय?

पडद्यावर आडवे ३८४० आणि उभे २१६० ठिपके, म्हणजे साधारण ८३ लाख. फुल एचडीत १९२० गुणिले १०८०, म्हणजे पावणेएकवीस लाखांच्या आसपास. ठिपके चौपट, म्हणून चित्र चौपट चांगलं, असं मात्र होत नाही. का, ते पुढे अंतराच्या प्रश्नात सांगितलं आहे. या पानावरचा तोच प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

नेटचा स्पीड किती लागतो? १०० चा प्लॅन घ्यावा का?

एका टीव्हीवर फोरके पाहायला नेटफ्लिक्स १५ एमबीपीएस पुरेसे सांगतं. फुल एचडीला ५. आता घरात एक टीव्ही चालू आहे, मुलगी मोबाइलवर व्हिडिओ बघते आहे, साहेबांची ऑफिसची मीटिंग सुरू आहे, असं धरलं तरी ४०-५० एमबीपीएसमध्ये सगळं आरामात भागतं. दोन खोल्यांत दोन फोरके टीव्ही एकाच वेळी चालत असतील तर १०० घ्या. ३०० चा प्लॅन सिनेमासाठी म्हणून घेऊ नका. त्यातले २५० एमबीपीएस राउटरच्या डब्यातच पडून राहतात.

खरा प्रश्न प्लॅनवर किती लिहिलंय हा नसतो. रविवारी रात्री नऊ वाजता, टीव्हीपाशी, प्रत्यक्षात किती येतं, हा असतो. फायबरची एक मुख्य तार पुढे बत्तीस-चौसष्ट घरांत वाटली जाते आणि रात्री सगळेच एकदम बसतात. म्हणून कनेक्शन घेण्याआधी कंपनीच्या माणसाला विचारू नका, वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांना विचारा. मोठ्या कंपनीचं असो की आपल्या केबलवाल्याचं, बिल्डिंगमध्ये ज्याचं रात्री नीट चालतं ते घ्यावं. तक्रार केल्यावर माणूस किती तासांत येतो, हेही त्यांनाच माहीत असतं.

मोबाइलवर स्पीड ८० दाखवतं, तरी टीव्हीवर गोल गोल का फिरतं?

कारण मोबाइल तुम्ही राउटरच्या शेजारी धरून तपासता आणि टीव्ही दोन भिंतींपलीकडे असतो. माझ्या कामातल्या दहांपैकी सात-आठ तक्रारी इथेच येऊन थांबतात.

राउटर दोन प्रकारचे सिग्नल सोडतो. २.४ गिगाहर्ट्झवाला लांब जातो, भिंतही पार करतो, पण त्यात एकमेकांना न अडणारे चॅनेल, म्हणजे सिग्नलच्या वाटा, तीनच. गोविंदनगरच्या एखाद्या सोसायटीत फोन उघडून पाहिलात तर वीस-पंचवीस घरांची नावं दिसतील. ती सगळी त्या तिघांत कोंबलेली असतात. ५ गिगाहर्ट्झवाला वेगवान आणि मोकळा, पण आरसीसी भिंत आली की दम सोडतो. टीव्ही आणि राउटर एकाच खोलीत असतील तर टीव्ही ५ गिगाहर्ट्झला जोडा. ते शक्य नसेल तर सरळ लॅन केबल, म्हणजे राउटरमधून थेट टीव्हीत जाणारी नेटची तार, टाका.

जुन्या नाशकात, भद्रकालीच्या बाजूला, एका वाड्यात गेलो होतो. घरच्यांनी वर्षभरात तीनदा प्लॅन वाढवला होता. राउटर माजघरात, टीव्ही पुढच्या खोलीत, आणि मध्ये हात-दीड हात जाडीची दगड-विटांची भिंत. राउटरपाशी १४० एमबीपीएस येत होते, टीव्हीपाशी ६. भिंतीला ड्रिल मारायला आजींची तयारी नव्हती, आणि मलाही ते पटलं. तेवढ्यात खिडकीच्या चौकटीशेजारी एक जुनं भोक दिसलं. पूर्वी गच्चीवरच्या अँटेनाची वायर तिथून आत यायची. त्याच भोकातून बारा मीटर कॅट-सिक्स जातीची लॅन केबल ओवली, चौकटीच्या कडेने केसिंग पट्टी मारली, टीव्हीला जोडली. टीव्हीवर ९४ आले. केबल, पट्टी आणि दोन पिना मिळून सामानाचा खर्च पाचशेच्या आत. पुढच्या महिन्यात त्यांनी प्लॅन परत खाली आणला.

९४ च का आले, १४० का नाही, हेही सांगतो, कारण यावरून बरेच जण घाबरतात. बहुतेक टीव्हींचं लॅन पोर्ट १०० एमबीपीएसचंच असतं. टीव्ही कितीही महागाचा असला तरी बहुधा तसंच. त्यात बिघाड काही नाही. फोरकेला १५ लागतात, १०० मध्ये ते कुठच्या कुठे मावतात.

केबल टाकणं अजिबातच शक्य नसेल तर दोन डब्यांचा मेश राउटर घ्या, त्यातला दुसरा डबा टीव्हीच्या बाजूला ठेवून सिग्नल पुढे नेता येतो. पण पाच हजारांच्या पुढे जातो, म्हणून तो शेवटचा उपाय.

महिन्याचा डेटा पुरेल का?

हिशेब सोपा आहे. १५ एमबीपीएस म्हणजे सेकंदाला १५ मेगाबिट. आठ बिटांचा एक बाइट, म्हणजे तासाला पावणेसात जीबी. नेटफ्लिक्सही फोरकेसाठी तासाला सात जीबीपर्यंत धरायला सांगतं. अडीच तासांचा सिनेमा म्हणजे साडेसतरा जीबी.

फायबरच्या पुष्कळ ‘अनलिमिटेड’ प्लॅनना ३३०० जीबीची मर्यादा असते, ती ओलांडली की स्पीड पार खाली येतो. पण ३३०० जीबी म्हणजे ४७० तास फोरके. महिन्याचे तासच ७२०. एवढं कुणी बघत नाही, निश्चिंत राहा. डिशसारखा डबा गच्चीवर लावून हवेतून येणारं फाइव्ह-जी कनेक्शन असेल तर मर्यादा बहुधा १००० जीबी असते. तीही दिवसाला साडेचार तासांना पुरते, पण घरात तीन टीव्ही असतील तर लक्ष ठेवा. आडगाव, मखमलाबादच्या पुढे, मळ्यात राहणाऱ्यांना फायबर मिळत नाही तेव्हा हाच मार्ग उरतो. आणि टॉवर समोर असेल तर तो छान चालतो.

मोबाइलचा हॉटस्पॉट लावून चालेल?

रोजचा २ जीबीचा पॅक फोरकेत सतरा मिनिटांत संपतो. अमर्याद फाइव्ह-जी मिळत असेल तर एखाद्या रात्री चालवून घ्या, रोजचं त्यावर अवलंबून राहू नका. फोन तापतो आणि मध्येच कुणाचा तरी कॉल येतो.

मग एकूण खर्च किती? खरं खरं सांगा.

लोक सगळं एकत्र मिळवतात आणि आकडा बघून घाबरतात. वेगवेगळं मांडू.

नेट : ४० एमबीपीएसचा प्लॅन ४९९ च्या आसपास, १०० चा ६९९. जाहिरातीत जीएसटी धरलेला नसतो. १८ टक्के लावले की ४९९ चे ५८९ होतात आणि ६९९ चे ८२५. पण हा खर्च तुम्ही तसाही करताच आहात. मुलांचा अभ्यास, ऑफिसचं काम सगळं त्यावरच चालतं. तो फोरकेच्या नावावर टाकू नका.

वर्गणी : नेटफ्लिक्सचे चार प्लॅन आहेत, मोबाइल १४९, बेसिक १९९, स्टँडर्ड ४९९ आणि प्रीमियम ६४९. फोरके फक्त प्रीमियममध्ये. हे लक्षात न आल्याने कितीतरी घरांत साठ-सत्तर हजारांच्या टीव्हीवर बेसिक प्लॅन चालू असतो, आणि दोष टीव्हीला मिळतो. अ‍ॅमेझॉन प्राइमची वर्षाची वर्गणी १४९९, त्यात फोरकेसाठी वेगळे पैसे नाहीत. मात्र जून २०२५ पासून मध्ये जाहिराती येतात, त्या नको असतील तर वर्षाला आणखी ६९९. प्राइम लाइट स्वस्त आहे, पण त्यात फोरके नाही. जिओहॉटस्टारचं फोरके त्यांच्या सगळ्यात वरच्या प्लॅनमध्ये आहे.

वीज : ५५ इंची एलईडी टीव्ही साधारण १२० वॉट खातो. रोज दोन तास धरले तर महिन्याला सात-सव्वासात युनिट. युनिटला दहा रुपये लावले तरी सत्तर-बहात्तर रुपये.

आता यातला फोरकेचा जादा खर्च कुठला? नेटफ्लिक्सच्या स्टँडर्ड आणि प्रीमियममधले महिन्याचे १५० रुपये, वर्षाचे १८००. झालं. एवढाच. ४३ इंचांच्या वरचा नवा टीव्ही दुकानात पाहायला गेलात तर तो बहुधा फोरकेच निघतो, त्याचे वेगळे पैसे कुणी मागत नाही. तेव्हा विचार या १८०० रुपयांचा करायचा. सिटी सेंटर मॉलला चौघांनी एक सिनेमा पाहिला, मध्यंतरात पॉपकॉर्न घेतलं, तर हजार-बाराशे सहज जातात. त्या मापाने १८०० फार नाहीत. पण तुमचा सोफा जर टीव्हीपासून अकरा फुटांवर असेल, तर हे १८०० वाया आहेत.

अंतराचा आणि फोरकेचा काय संबंध?

सगळा संबंध तिथेच आहे. डॉक्टर ज्याला सिक्स बाय सिक्स म्हणतात त्या चांगल्या नजरेलाही एका मर्यादेपलीकडे बारीक ठिपके सुटे दिसत नाहीत. त्यावरून अंतर काढता येतं. ४३ इंची टीव्हीवर फुल एचडीचे ठिपके साडेपाच फुटांपलीकडून एकमेकांत मिसळून जातात. ५५ इंचीवर सात फुटांपलीकडून, ६५ इंचीवर साडेआठ फुटांपलीकडून. त्याहून लांब बसलात तर फुल एचडीचेच ठिपके डोळ्याला वेगळे कळत नाहीत, मग त्याचे चार तुकडे केले काय आणि न केले काय.

आपल्या टू-बीएचकेच्या हॉलमध्ये सोफा एका भिंतीला आणि टीव्ही समोरच्या भिंतीला असतो. मी टेप लावून मोजतो तेव्हा बहुतेक वेळा दहा ते अकरा फूट भरतं. दहा फुटांवरून फोरकेचा बारकावा दिसायचा तर टीव्ही ७५ इंचांच्या पुढचा हवा.

येवल्याचे एक काका मुलाकडे पाथर्डी फाट्याला राहतात. सगळं आयुष्य पैठणीच्या मागावर गेलेलं. मुलाने ५५ इंची टीव्ही घेतला, प्रीमियम प्लॅन घेतला आणि मला विचारलं, फरक पडतो का सांगा. मी एका लग्नाच्या प्रसंगावर चित्र थांबवलं आणि काकांना खुर्ची ओढून पाच फुटांवर बसवलं. आधी एचडीत दाखवलं. काका म्हणाले, “जरीकाम कळतं, पण पदर गिचमीड वाटतो.” मग तीच जागा फोरकेत लावली. काका पुढे वाकले. “हा मोर आहे. आणि मानेत दोन रंगांचा धागा आहे बघा.” मुलाला तो मोर दिसलाच नव्हता. मग काकांना उठवून सोफ्यावर नेलं, अकरा फुटांवर, आणि दोन्ही परत दाखवलं. काका बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, “इथून दोन्ही सारखंच.” मुलाने प्लॅन ठेवला, पण सोफा चार फूट पुढे आणला. आता मागे मुलांचं अभ्यासाचं टेबल बसलं आहे.

ही परीक्षा तुम्हीही घ्या. एक महिना प्रीमियम घ्या, आपल्या नेहमीच्या जागेवर बसा, एकच प्रसंग दोन्ही प्रकारे बघा. फरक दिसला नाही तर पुढच्या महिन्यात खुशाल खालच्या प्लॅनवर या. त्यात कमीपणा काहीच नाही.

एचडीआर म्हणजे काय? तो लांबून दिसतो का?

हो, तो लांबूनही दिसतो. फोरके म्हणजे ठिपक्यांची संख्या, एचडीआर म्हणजे उजेड-अंधारातलं अंतर आणि रंगांची खोली. दिवाळीच्या पणतीची ज्योत खरोखर उजळ वाटते आणि मागच्या अंधारातली भिंतही करडी होत नाही, ते एचडीआरमुळे. माझ्या मते सोफा लांब असलेल्या घरात चित्र सुधारतं ते याच्यामुळे. पण स्वस्त टीव्ही एचडीआरचा सिग्नल घेतात आणि तेवढा उजेड काही पाडू शकत नाहीत. चित्र उलट काळपट दिसतं. खोक्यावर एचडीआर लिहिलं आहे म्हणून भुलू नका, दुकानात चालवून बघा, आणि शक्यतो दुकानाचा डेमो व्हिडिओ नको, तुमच्या ओळखीचा सिनेमा लावायला सांगा.

नवा टीव्ही घेताना काय बघावं?

आकार अंतरावरून ठरवा, वर आकडे दिलेच आहेत. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांवरच्या टीव्हीवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आला, त्यामुळे जुन्या किमती डोक्यात ठेवून दुकानदाराशी घासाघीस करू नका, आजची किंमत दोन-तीन दुकानांत विचारा. बाकी, हॉलमध्ये खिडकी टीव्हीच्या समोर आहे का हे बघा. दुपारचं ऊन काचेवर आलं की कुठलंच फोरके कामाचं नाही, आधी जाड पडदा घ्या.

एटके, म्हणजे फोरकेच्याही चौपट ठिपक्यांचा टीव्ही, घ्यावा का? नको.

आमचा टीव्ही फोरके आहे, प्लॅन प्रीमियम आहे, तरी फोरके दिसत नाही. कुठे अडलंय?

एकेक करून बघू.

आधी त्या सिनेमाच्या पानावर अल्ट्रा एचडी किंवा फोरके अशी खूण आहे का बघा. नसेल तर तो सिनेमाच एचडीत आहे. मराठी सिनेमे आणि मालिका बहुतेक ठिकाणी अजून एचडीतच मिळतात, ही खंत मला रोज वाटते.

खूण असेल तर नेटफ्लिक्सच्या खात्यात प्रत्येक प्रोफाइलची प्लेबॅकची सेटिंग वेगळी असते ती उघडा. कधीतरी डेटा वाचवायला ती मध्यमवर केलेली असते आणि मग सगळे विसरतात. ती ऑटो किंवा हायवर ठेवा.

टीव्हीतलंच अ‍ॅप वापरत असाल तर इथे बहुधा काम होतं. पण वेगळी स्टिक किंवा बॉक्स लावला असेल तर तोही फोरकेचाच हवा. दिसायला सारख्याच दिसणाऱ्या एचडी आणि फोरके स्टिक बाजारात आहेत. टीव्हीच्या मागे स्टिक किंवा बॉक्स जोडायची एचडीएमआयची दोन-चार भोकं असतात, त्यातलं प्रत्येक फोरकेचं पूर्ण काम करेलच असं नाही. काही टीव्हींत ते सेटिंगमध्ये जाऊन चालू करावं लागतं. मध्ये जुना साउंडबार किंवा स्प्लिटर असेल तर तो काढून बघा. सिनेमाची कॉपी होऊ नये म्हणून एचडीसीपी २.२ नावाचं कुलूप असतं, आणि साखळीतलं एक जरी यंत्र ते ओळखत नसेल तरी चित्र गपचूप खाली उतरतं. पडद्यावर कसलाही निरोप येत नाही, म्हणून हा दोष लवकर सापडत नाही.

लॅपटॉप टीव्हीला जोडून बघणाऱ्यांसाठी : क्रोममध्ये नेटफ्लिक्सचं फोरके मिळत नाही. विंडोजवर एज ब्राउझर किंवा नेटफ्लिक्सचं अ‍ॅप वापरा.

स्वस्त ‘फोरके’ प्रोजेक्टर घेऊ का?

खोक्यावर ‘फोरके सपोर्ट’ लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ फोरकेचा सिग्नल आत घेतो एवढाच, भिंतीवर पडतात ते उभे ७२० किंवा १०८० ठिपकेच. ‘नेटिव्ह’, म्हणजे यंत्राचे स्वतःचे खरे ठिपके, किती आहेत ते विचारा. शिवाय अशा पुष्कळ प्रोजेक्टरना सिनेमा कंपन्यांची मान्यता नसते, मग प्रीमियम प्लॅन असूनही चित्र ४८० वर येतं. गच्चीवर क्रिकेटची मॅच दाखवायला ते ठीक आहेत. सिनेमाची आवड असेल तर तेच पैसे टीव्हीत घाला.

एक वर्गणी, दोन घरं. मुलगा पुण्याला, आम्ही नाशकात. चालेल?

नेटफ्लिक्सने जुलै २०२३ पासून भारतात घराबाहेरच्यांना एकच खातं वापरणं बंद केलं आहे, टीव्हीवर तर ते लगेच पकडतं. प्राइमही एका खात्यावर दोनच टीव्ही चालू देतं. मुलाला म्हणावं, तुझं तू घे.

लाइट गेली की काय? आणि फायबर तुटलं तर?

नेटच्या डब्याला आणि राउटरला १२ व्होल्टचा छोटा यूपीएस मिळतो, हजार-दोन हजारांत. घरात इन्व्हर्टर असेल तर टीव्हीचा प्लगही त्यावर घ्या, १२० वॉटचा भार फार नाही. लाइट आल्यावर राउटर सुरू व्हायला लागणारी तीन-चार मिनिटं वाचतात.

फायबरचं मात्र आपल्या हातात नाही. सध्या सिंहस्थाच्या तयारीसाठी शहरात जागोजागी खोदकाम चालू आहे. माझ्या स्वतःच्या घरचं फायबर एका खड्ड्यात दोनदा तुटलं आणि दुसऱ्या वेळी जोडायला चार दिवस लागले. तेव्हापासून आई-बाबांसाठी दोन-तीन सिनेमे टॅबवर आधीच डाउनलोड करून ठेवतो. बाबांना रात्री जेवणानंतर सिनेमा लागतोच.

चित्र खूप गुळगुळीत, मालिकेसारखं दिसतं. फोरके असंच असतं का?

नाही. सिनेमा सेकंदाला २४ चित्रांचा असतो. टीव्ही स्वतःच्या मनाने मधली चित्रं तयार करून घालतो, म्हणून ते तसं दिसतं. प्रत्येक कंपनी या सोयीला वेगळं नाव देते, पण बहुधा ‘मोशन’ हा शब्द त्यात असतो. ती बंद करा. किंवा पिक्चर मोडमध्ये ‘फिल्ममेकर’ असेल तर तो निवडा. नवीन टीव्ही बसवला की मी हे न विचारता करून देतो. सुरुवातीला लोकांना चित्र थोडं पिवळसर, मंद वाटतं. दोन दिवस तसंच राहू द्या, डोळा सरावतो.

जुने सिनेमे फोरकेत बघून काय उपयोग? तेव्हा कुठे फोरके होतं?

हा प्रश्न बहुतेक वेळा आजोबा लोक विचारतात आणि मला तो फार आवडतो. पस्तीस एमएमच्या फिल्मवर, मूळ निगेटिव्ह नीट राहिली असेल तर, साधारण फोरकेला पुरेल इतका तपशील असतो. आपण तो सिनेमा आजवर घासलेल्या प्रिंटवर, मग दूरदर्शनवर, मग सीडीवर पाहिला, म्हणून तो आपल्याला धूसर आठवतो. उलट गेल्या पंधरा-वीस वर्षांतले कितीतरी सिनेमे टूकेमध्येच, म्हणजे जवळपास फुल एचडीइतक्याच ठिपक्यांत, तयार केले गेले, ते फोरकेच्या खुणेने दाखवले तरी ते ताणून मोठं केलेलं चित्र असतं.

पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात १९६४ पासून अशा फिल्म जपल्या जात आहेत, आणि राष्ट्रीय चित्रपट वारसा अभियानात जुने सिनेमे फोरकेत स्कॅन करून दुरुस्त केले जात आहेत. दादासाहेब फाळके जन्मले ते आपल्या त्र्यंबकेश्वरला, वारले ते नाशकात. त्या गावातल्या हॉलमध्ये जुना सिनेमा नीट दिसावा, असं मला मनापासून वाटतं. तेव्हा सिनेमा निवडताना ‘रिस्टोअर्ड’ लिहिलेली प्रत शोधा. कडेला काळ्या पट्ट्या आल्या तर चित्र ताणून पडदाभर करू नका, तो सिनेमा तेवढ्याच चौकटीत काढलेला असतो. आणि चित्रात बारीक वाळूसारखे कण हलताना दिसले तर रिमोट घेऊन ते घालवायला जाऊ नका. ते फिल्मचे आहेत.